वृंदाची जागा

"आठ दिवस थांबा," वृंदा अंथरुणातून म्हणाली. "गुडघ्यांची सूज उतरली की मीच उभी राहते."

"थांबतो की," श्यामराव म्हणाला आणि चपला घालायला वळला. खोटं बोलताना बायकोच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती नव्हती.

कुठले आठ दिवस! सिंगापूरच्या सर्कस कंपनीचा माणूस आज खिदिरपूरच्या तंबूत खेळ बघणार आणि उद्याच्या बोटीने परत जाणार. त्याला खेळ पसंत पडला तर ठीक, नाहीतर पन्नाशीच्या तिरंदाजाला कलकत्त्यात कोण कुत्रं विचारतंय?

"आणि आपल्या लीनाला माझ्या जागी उभी करू नका. गळ्याची शपथ आहे माझ्या."

"माझ्या नेमावर विश्वास नाही तुझा?"

वृंदाने पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. "तसं नव्हे हो. पोर आहे ती. घाबरेल."

एके काळी श्यामराव हवेत उडवलेलं नाणं टिपायचा, पाठमोरा उभा राहून मेणबत्ती विझवायचा. पदकांनी पेटी भरली होती. एकोणपन्नास साली झोपाळ्याचा खांब खांद्यावर कोसळला आणि सगळं फिरलं. फळीवर ठोकलेलं साधं लिंबू काही केल्या लागेना. बाण चार बोटं खालीच जायचा. रडकुंडीला आला बिचारा, धनुष्य मोडून टाकायला निघाला. तेव्हा वृंदाच म्हणाली, "मी उभी राहते डोक्यावर लिंबू घेऊन. डोळ्यांवर पट्टी बांधा नि मारा."

आणि काय आश्चर्य! पहिल्याच बाणाला लिंबू फळीत रुतलं. त्यानंतर तीन वर्षांत एकदाही चूक नाही. जिवंत माणूस समोर असलं की हात आपोआप जागा होतो, असं श्यामराव चारचौघांत छातीठोक सांगे. नुसत्या फळीवर त्याने पुन्हा कधी बाण मारलाच नाही.

वृंदाच्या गुडघ्यांचं मात्र कोडं होतं. "खेळात या उठाबशा काढतात का?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"छे हो! पायघोळ पातळ नेसून नुसती उभी असते," म्हणत श्यामराव हसला होता.

तंबूत लीना आईचं तेच हिरवं पातळ नेसून तयार होती. सतरा वर्षांची, उंचीने अगदी आईएवढी. जन्म कलकत्त्यातला, त्यामुळे मराठी जरा अडखळत बोलायची.

"बाबा, फळी जुनी दिसत होती, मी घासून काढली. आई भोकांत मेण भरून वर रंग लावायची. का, काय माहीत."

श्यामरावाने फळीकडे पाहिलं. तीन वर्षांची भोकं, सगळी एका तळहातात मावतील इतकी जवळजवळ. याला म्हणतात नेम! त्याचा ऊर भरून आला.

"भीती वाटते?"

"नाही. तुम्ही आहात ना."

"मग डोळे मीट आणि केसभरही हलू नकोस."

त्याने स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर लिंबू ठेवलं, वीस पावलं मागे गेला आणि एकदा नीट बघून घेतलं. लीना, लिंबू, फळी. एवढं चित्र डोळ्यांत साठवलं की त्याला पुरे होई. तंबूचे मालक घोषबाबू, त्यांनी पट्टी बांधली. ढोल सुरू झाला. आता सगळा तंबू त्याच्या हाताकडे बघत असणार, वृंदाच्या वेळी बघायचा तसाच. करारच हातात ठेवला की वृंदा शपथ विसरेल, त्याच्या मनात आलं. सिंगापुरात तिचे गुडघेही दाखवता येतील.

दोरी कानापर्यंत आली. त्याने बोटं सोडली.

आणि मिटल्या डोळ्यांपुढच्या त्या चित्रात त्याला लिंबामागची फळी दिसली. ती कोरी होती. सगळी भोकं चार बोटं खाली, लीनाच्या कपाळामागे झाकली गेली होती.