तापाचे दिवस

"तुम्ही चोर आहात, डॉक्टर. आमच्या आईचे तापाचे दिवस तुम्ही चोरलेत."

नर्सने नुकताच आईच्या तोंडातला थर्मामीटर काढून डॉक्टरांपुढे धरला होता. शंभराच्या वर. स्मरणशक्तीच्या या अभ्यासात तपासणीच्या आदल्या दिवशी फोन येतो, ताप-खोकला आहे का विचारतात आणि असेल तर तीन आठवडे पुढची तारीख देतात. काल आईच्या या मुलीने फोनवर, ताप नाही, असं धडधडीत खोटं सांगितलं होतं.

"ताप असला की उत्तरं बिघडतात, ताई," डॉक्टर म्हणाले. "मूळ आजार किती ते कळत नाही. म्हणून थांबतो. यात चोरी कसली?"

"आईची रेघ दाखवा."

त्यांनी स्क्रीन वळवला. दोन वर्षांचे पाच ठिपके आणि त्यांतून गेलेली एक रेघ, घसरगुंडीसारखी गुळगुळीत. मुलीने पिशवीतून वही काढली. पुढे गिऱ्हाइकांची शिलाईची मापं, मागच्या पानांवर आई.

"मार्चमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग, पाच दिवस ताप. उठली ती घड्याळ वाचायचं विसरून. सप्टेंबरात दाढ सुजली. सूज उतरली आणि ही माझ्या धाकट्या भावाला विचारते, आपण कोण? मधले सहा महिने काही म्हणजे काही गेलं नाही. तुमच्याकडे घसरगुंडी आहे, डॉक्टर. आमच्या घरात जिना आहे आणि दर पायरीवर ताप आहे. तुम्ही नेमक्या पायऱ्या खोडता आणि वर विचारता, बाई खाली आली कशी!"

नर्सला हसू फुटलं. तिने ते खोकल्यात दडपलं.

डॉक्टरांनी वही ओढून घेतली. एक पान वाचलं, उलटलं, परत मागे आले.

"दाढ कुठल्या तारखेला?" आवाज बदलला होता.

"लिहिलंय. खाली."

त्यांनी ती तारीख स्क्रीनवरच्या ठिपक्यांशी ताडून पाहिली. "मेंदूत पहारेकरी पेशी असतात," मग म्हणाले. "अंगात कुठेही जंतू शिरले तरी त्या खवळतात. आणि एकदा खवळल्या की चोर सोडून घरच्यांनाच, मेंदूच्याच पेशींना झोडपतात, असा संशय आहे. पण आमच्या तीनशे माणसांचे तापाचे दिवस आमच्याकडे नाहीतच."

"घरी कोणी पाठवलं त्यांना? आज आईचं रक्त तरी घ्या."

डॉक्टरांनी टेबलावरच्या नियमांच्या कागदाकडे बोट दाखवलं. "नियम वरून येतात. तापात रक्त घेतलं तर आईंचं नाव अभ्यासातून कमी करतील."

"हे जावई का गं आपले?" आईने मुलीला विचारलं. "दिसायला बरे आहेत. पण उत्तर देत नाहीत."

मुलीने आईची बाही कोपरापर्यंत गुंडाळली. हात गरम होता, शिरा फुगून वर आल्या होत्या.

"औषध सुरू केलंय, ताप परवापर्यंत जाईल. आज ती मला नावाने हाक मारते. ताप गेल्यावर मारेल का, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. तिच्या रक्तात आत्ता जे चाललंय ते तीन आठवड्यांनी सापडणार नाही." तिने आईचा हात टेबलावर ठेवला, नियमांच्या कागदावरच. "घेताय की नाही?"