शांत सुई

मीटरची सुई तसूभरही थरथरत नव्हती आणि नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरबाईंना नेमकं तेच खटकलं. खाली शेडमध्ये मोठमोठ्या मोटरी घरघरत होत्या, खिडकीची काच सारखी वाजत होती आणि वायुगळतीच्या घंटेचा हा मीटर मात्र ढिम्म. इतकी शहाणी सुई त्यांनी आजवर बंद पडलेल्या मीटरमध्येच पाहिली होती.

"काका, हा चालू आहे ना?"

"म्हणजे काय!" कंट्रोल रूमचे जुने ऑपरेटर खुर्चीतूनच म्हणाले. "आधी मोटर सुरू झाली की घंटा बोंबलायची. सगळे जण कामं टाकून पटांगणात. लांडगा आला रे आला! शेवटी लोक जागचे हलेनात. मग मीच केला बंदोबस्त. वर्ष झालं, हूं नाही की चूं नाही."

पाणी कुठेतरी मुरतंय, असं बाईंच्या मनाने घेतलं. खाली विषारी वायूच्या टाकीपाशी त्यांचा सख्खा थोरला भाऊ कामाला होता. आधी वाटलं, म्हाताऱ्याने वायरच काढून ठेवली असणार. त्यांनी पॅनेल उघडून एकेक वायर हाताने चाचपली. सगळ्या जागच्या जागी होत्या. फक्त कपॅसिटर बदललेला होता. चिंचोक्याएवढा असायचा, तिथे अंगठ्याएवढा जाडजूड बसला होता.

"एवढा मोठा?"

"लहान लावून पाहिला, थोडा खरखराट उरायचा. मग मोठा लावला. मग त्याहून मोठा."

मोटरीमुळे तारेत येणारे विजेचे झटके कपॅसिटर गिळतो, हे खरंच. पण त्याची भूक इतकी वाढवल्यावर तो आणखी काय काय गिळत असेल? बाईंनी खाली फोन लावला.

"दादा, चाचणीची बाटली घे आणि नळी सेन्सरच्या तोंडाशी धर. घंटा होईपर्यंत काढू नकोस."

बाटलीतला वायू माणसाला बाधत नसे, पण सेन्सरला तेवढा पुरे होता. घंटा लगेच व्हायला हवी होती. खिडकीतून दादा नळी धरून उभा दिसत होता. सुई जागची हलली नाही.

काकांनी थर्मासमधून दोन कप चहा ओतला. "घ्या. जरा वेळ घेते, पण वाजते."

"किती वेळ?"

"तुम्ही चहा तर घ्या."

काका लबाड असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. हा माणूस मनापासून खूश होता.

फोन वाजला. "अगं, हात भरून आला माझा. अजून किती धरू?"

"सोडू नकोस, दादा."

"मग फडक्याने बांधतो आणि जरा पाठ टेकतो. कालची दुसरी पाळीही केलीय मी."

आता सुई उठायला लागली होती, पण अंथरुणातून उठवलेल्या आळशासारखी, कुरकुरत. बाईंच्या कपावर साय धरली. काकांनी आपला कप संपवला, विसळला, पुसून फळीवर पालथा घातला. परत येऊन ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच घंटा घणघणली.

"बघा," काका समाधानाने म्हणाले, "वाजली की नाही?"

बाई मीटरकडे बघतच नव्हत्या. खाली सेन्सरशेजारच्या बाकावर दादा हातपाय पसरून उताणा पडला होता. घंटा शेडभर घुमत होती आणि तो हलत नव्हता. डोळा लागला असणार, दुसरं काही नाही, हे बाईंना पक्कं माहीत होतं. तरी त्या दोन्ही हातांनी खिडकीची काच बडवत सुटल्या.