निकाल स्पेशल

मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. अंजूनं ती वाचली आणि पुन्हा एकदा वाचली.

वर मोठ्या अक्षरांत योजना छापली होती. नीटमध्ये सहाशेच्या वर गुण मिळवलेला विद्यार्थी सोबत असेल, तर अख्ख्या टेबलाला ‘निकाल स्पेशल’ निम्म्या दरात. लातुरात अशी योजना चपलांच्या दुकानातही असते, मग बार्शी रोडवरच्या या नव्या जपानी हॉटेलनं मागं का राहावं? तळाची ओळ मात्र कुणीतरी पोळल्यावर लिहिलेली दिसत होती. स्क्रीनशॉट चालणार नाही, निकाल आमच्या टॅबवर उघडून दाखवावा.

अंजूकडे स्क्रीनशॉटच होता. त्यात ६४१ गुण होते. खरे होते ३१८. चार दिवसांपूर्वी हॉस्टेलच्या खोलीत तिनं तो आकडा मोबाईलवर बदलला, उदगीरला आईला पाठवला आणि मग उशीत तोंड खुपसून रडली. नीटची ही तिची दुसरी खेप होती. दोन-चार दिवसांत आईला एकटीला गाठून सगळं सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. तेवढ्यात अप्पांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं.

अप्पा, म्हणजे तिचे वडील राजशेखर, यांचं उदगीरच्या मोंढ्यात आडतीचं दुकान होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण या माणसानं बायकोला कधी हॉटेलची पायरी चढू दिली नव्हती. आज अंजूची आई बसम्मा ठेवणीतली इरकल नेसून आली होती. तिचा भाऊ शंकरप्पा बायकोला घेऊन औशाहून आला होता. तो शाळेत मास्तर. दोन वर्षांपूर्वी अप्पांनी अंजूची सोयरीक जवळजवळ पक्की केली होती. ती यानंच मोडली, तीही भर बैठकीत. “दाजी, पोरीला डॉक्टर व्हायचंय. शिक्षणातलं तुम्हाला काय कळतंय?” पाहुणे हसले होते. अप्पांनी तेव्हा पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं.

सुशी आली. काळ्या पाटीवर गार भाताच्या गोल वड्या, मधे काकडी नाहीतर गाजर.

“यात मासा न्हाई ना?” बसम्मानं तिसऱ्यांदा विचारलं.

“शुद्ध शाकाहारी आहे, आई,” वेटर म्हणाला.

“मग जपानी कशाला म्हणायचं?” अप्पा म्हणाले आणि टेबल हसलं. अप्पा आज भलतेच खुशीत होते. त्यांनी काड्या बाजूला सारल्या, एक वडी बोटांनी उचलली आणि अंजूच्या तोंडापुढं धरली. “आ कर. पयला घास तुझा.”

अंजूनं तो घास घेतला. अप्पांनी तिला असं कधी भरवल्याचं तिला आठवत नव्हतं. या माणसाला आपण फसवलंय, याची तिला इतकी लाज वाटली की जागच्या जागी सगळं सांगून टाकावंसं झालं. आता सांगितलं तर ते समजून घेतील, असंही वाटलं. ती त्यांच्या कानाशी वाकली.

“अप्पा, दोन मिनिटं बाहेर येता? मला काहीतरी सांगायचंय.”

अप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “बाळा, भरल्या ताटावरून उठू न्हाई. आधी समद्यांचं जेवण होऊ दे.”

बाळा! अंजूला भरून आलं. आता काही झालं तरी अप्पा आपल्याला सांभाळून घेतील, या भरवशावर तिनं आणखी दोन वड्या खाल्ल्या.

जेवणं उरकली. मॅनेजर बाई टॅब घेऊन हसत आल्या. “अभिनंदन! अर्ज क्रमांक सांगता?”

“आठवत नाही,” अंजू म्हणाली. “अप्पा, राहू द्या ना. पूर्ण पैसे देऊ.”

“का म्हणून?” शंकरप्पानं खुर्ची पुढं ओढली. “माझ्या भाचीनं मार्क पाडलेत, चोरी न्हाई केली. बघू द्या समद्यांना!”

“मलाबी बघू दे,” बसम्मा म्हणाली. “मोबाईलवर बारीक दिसलं.”

अप्पांनी घसा साफ केला आणि अर्ज क्रमांक सांगितला. एकेक आकडा, सावकाश, कुठलाही कागद न बघता. मग जन्मतारीख सांगितली.

“अगं बया!” बसम्मा हरखली. “देवापुढच्या हॉल तिकिटावरून पाठ केलासा व्हय?”

टॅबवर गोल चक्र फिरत राहिलं. अंजूनं टेबलाखालून अप्पांचा हात घट्ट धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

पान उघडलं. मॅनेजर बाईंचं हसू ओसरलं. त्यांनी एकदा अंजूकडे बघितलं. आणि टॅब अलगद छातीशी पालथा धरला. वर्षाला अशी किती पोरं त्या बघत असतील, कोण जाणे.

“सर, साइटला काहीतरी अडचण दिसतेय,” त्या म्हणाल्या. “असू दे. आम्ही तसंच निम्म्या दरात बिल करतो.”

“अडचण बिडचण काय न्हाई,” अप्पा म्हणाले. “मी निकालादिवशीच बघितलाय. तुम्ही मोठ्यानं वाचा, मास्तरांना ऐकू द्या.”