मर्यादवेल

आठ दिवस समुद्रात काढून जिग्नेश सकाळी डहाणूला घरी आला आणि अंगणातच थबकला. दाराशेजारी वेल लावलेली होती. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, एक जांभळं फूल.

"बघितलंत?" त्याची बायको कल्पिता हात पुसत बाहेर आली. लग्न होऊन ती वाणगावहून या घरात आली त्याला सहाच महिने झाले होते. "मोगरा जळला, जास्वंद जळली. या खाऱ्या मातीत काही म्हणून धरत नाही. मग किनाऱ्यावरची मर्यादवेलच आणली, मुळासकट. लगेच धरली बघा."

"किनाऱ्यावर कुठून?"

"सुरूच्या बनापलीकडून. तिथे नुसती माजलीय."

जिग्नेशने हातातली पिशवी टाकली, वाकला आणि दोन्ही हातांनी वेल उपटू लागला. पांढरा चीक मनगटावर ओघळला. कल्पिताने हात धरला तर त्याने तिला झिडकारलं. आजवर त्याने तिच्यावर आवाजही चढवला नव्हता.

"चिमण तिथे सापडला," तो म्हणाला. "हीच वेल. हातांना, गळ्याला गुंडाळलेली. मी एकट्याने सोडवली."

धाकटा दीर बुडाला, एवढंच कल्पिताला माहीत होतं. घरात त्याचं नाव निघत नसे.

ओटीवर जिग्नेशची आई सोनूबाई सुके बोंबील निवडत होती. ती उठून आली. जमिनीवर पडलेली वेल तिने उचलून छातीशी धरली.

"तिला कशाला बोलतोस? जागा मी दाखवली."

"आई!"

"त्या रात्री मोठी भरती होती. पाणी त्याला परत न्यायला बघत होतं. हिने सोडला नाही, म्हणून मला माझ्या पोराचं तोंड तरी दिसलं."

जिग्नेश खाली बसला. मग त्याने हातानेच खड्डा केला, आईच्या हातातून वेल घेतली, मुळं पुरली, वर ओली वाळू दाबली. हात दोनदा धुतले तरी चिकट ते चिकटच.

वेल आता पसरत उंबऱ्यापर्यंत आली आहे. तिला कोणी छाटत नाही. सोनूबाई सकाळी दार उघडते आणि पानांवरून हात फिरवत काहीबाही बोलत बसते.

जिग्नेश हल्ली मागच्या दाराने घरात येतो. कल्पिताने पाय धुवायची बादली तिकडेच नेऊन ठेवली आहे.