समितीच्या कक्षेत

दातांच्या डॉक्टरांच्या संघटनेची तक्रार समिती बसली होती. एका सभासदाच्या बायकोने ओढणी बाजूला करून गळ्यावरचे बोटांचे वळ दाखवले. पोलीस तिच्या नवऱ्याच्या खिशात होते. तो टरकायचा तो फक्त संघटनेतून नाव कटण्याला, म्हणून ती इथे आली होती.

"वहिनी, तुमच्या हातचं आम्ही सगळे जेवलोय," अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले. "पण घरातली भांडणं समितीच्या कक्षेत बसत नाहीत. त्याने दवाखान्यात, पेशंटसमोर असं काही केलं असतं, तर आजच नाव उडवलं असतं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या माना दुसऱ्या कशासाठी वापरलेल्याच नव्हत्या.

"नक्की उडवलं असतं?"

"शब्द देतो."

पुढच्या बैठकीला ती दारात उभी राहिली, तेव्हा अध्यक्षांनी "कोण पाहिजे?" असं विचारलं. तिचा एक डोळा सुजून मिटला होता, जबडा तारांनी बांधलेला होता. सोबत एक म्हातारा पेशंट होता. तोच बोलला.

"भरल्या दवाखान्यात यांनी नवऱ्याला विचारलं, माझा गळा का दाबलास? त्याने केस धरून तोंड खुर्चीच्या लोखंडावर आपटलं. परत परत आपटलं. आम्ही चौघं लोंबकळलो त्याला, तेव्हा सुटल्या."

अध्यक्ष खुर्चीतून उठलेच. "अहो वहिनी, त्याचा राग माहीत असताना तुम्ही दवाखान्यात गेलातच कशाला?"

तिने तारांमागून एकेक शब्द ढकलला.

"तुम्हीच पाठवलंत ना, भावजी."