शेवटचं बाथरूम

“सूर्य उगवायच्या आत आंघोळ, आणि तोवर तोंडातून शब्द नाही,” कार्तिकस्नानाचा नेम देताना आईने बजावलं होतं.

नेरूळच्या हॉस्टेलात आजही शेवटचं बाथरूम आतून बंद होतं. बाकीची तुंबलेली. आत कुणीतरी निवांत पाणी ओतत होतं. खिडकी उजळू लागली, तशी जाईच्या डोक्यात तिडीक गेली.

“ए बाई, बापाचं बाथरूम आहे का? नीघ! माझा नेम मोडतोय!”

“निघते. पण मग तुझ्या जागी मी जाणार हं.”

“जा कुठे जायचंय तिथे! कडी काढ!”

कडी निघाली. आत कुणीच नव्हतं, फरशी ठणठणीत कोरडी. उजेडाच्या धास्तीने जाई तशीच घुसली. दाराला बाहेरून कडी लागली.

“जाई, झाली का गं आंघोळ?” खोलीतून रूममेट उझमाने हाक मारली.

“झाली,” दाराबाहेर जाईचाच आवाज म्हणाला, आणि ओली पावलं हळूच खोलीकडे निघाली.