जाळ्याची फेरी

हवा पालटली की उत्तमच्या शिंका थांबत नसत. त्या सकाळी त्याने ॲलर्जीची गोळी घेतली आणि जाळं ओढायला तो भाईंदरच्या धक्क्यावर आला. पाकिटावर इशारा होता: गुंगी येते, वाहन चालवू नका.

"वाहन लिवलंय. बोट कुठं लिवलीय?" जांभई देत तो बायकोला म्हणाला.

"तुमी घरी जाऊन निजा. भावजी जाळं ओढतील, बोट मी हाकते." लक्ष्मी सरळ सुकाणूपाशी जाऊन बसली.

धक्क्यावरून सासरे गरजले, "आपल्यात बाईनं बोटीवर पाय ठेवला की दर्या कोपतो, ठाव न्हाय?"

लक्ष्मीने इंजिन सुरू केलं.

"कोपला तर कोपू दे, बाबा. मी जागी हाय."